अर्धा मिलिग्रॅम

“एवढाली अक्षरं? बालवाडी आहे का ही?” बुसानमधल्या त्या बड्या रुग्णालयाचे संचालक डॉ. प्यो यांनी टॅबलेट हातभर लांब धरला. “बारीक करा. फिकट राखाडी. जरा अभिरुची दिसू दे.”

“साहेबांची दृष्टीच वेगळी!” उपसंचालक डॉ. नामगुंग म्हणाले. बाकीच्या माना आपोआप डोलल्या.

गारमने अक्षरं बारीक केली. टॅबलेटवरचा हा पडदा तिने तातडीच्या विभागासाठी आखला होता. रोगी घुसमटत असताना डॉक्टरला औषधाचं प्रमाण एका नजरेत दिसावं, एवढंच त्याचं काम. सोमवारी तो प्रत्येक खाटेशेजारी लागणार होता, आणि आता तो लग्नपत्रिकेसारखा दिसत होता. यात कुणाचा तरी जीव जाईल, हे तिला कळत होतं.

“साहेब, एकदा तुम्हीच चालवून बघता?”

टेबलावर सरावाचा रबरी बाहुला होता. कोळंबी खाऊन त्याचा घसा सुजलाय, असं धरून चालायचं. बाहुला घरघरू लागला. डॉ. प्योंनी पडदा लांब धरला, जवळ आणला, दिव्याकडे तिरपा केला. बाकी सगळ्यांना आकडा दिसत होता. पण साहेबांच्या आधी तोंड कोण उघडणार?

“पाच मिलिग्रॅम!” साहेबांनी ठोकून दिलं.

पडद्यावर होतं ०.५. टिंब राखाडीत कुठल्या कुठे विरून गेलं होतं. गारमने सांगितलं तेवढं औषध टोचलं. बाहुल्याने लांब शिटी वाजवली आणि तो मेला.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

“बाहुला बिघडलाय,” नामगुंग म्हणाले. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

नंतर कॉफीच्या यंत्रापाशी डॉ. प्योंनी गारमला एकटीला गाठलं. “अक्षरं मोठीच ठेवा. पण लोक विचारतील, कुणासाठी?”

“उपसंचालकांसाठी, म्हणून सांगू?”

“का? त्यांना नीट दिसत नाही?”

“आजपासून, साहेब.”

डॉ. प्योंनी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने कॉफी काढली.

सोमवारी प्रत्येक खाटेशेजारचा आकडा दारातूनही वाचता येत होता. गारमने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात भिंत चाचपत डॉ. नामगुंग आत आले. साहेबांचा शब्द खाली पडू नये म्हणून त्यांनी जाड भिंगांचा नवाकोरा चष्मा चढवला होता.

“वा! आता कसं स्वच्छ दिसतंय!” भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले.