रेशमाच्या शिरा

"चित्रकार व्हायला निघाला होतास आणि खोटे डोळे रंगवत बसलास! तुझं काम कधी कोणी बघणार?" सकाळीच ताईने सुनावलं होतं. तिने जाहिरात कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला होता. संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. आता त्याच्या खिडकीजवळ, अपघातात डोळा गमावलेली शाळकरी मुलगी आईसोबत बसली होती. तिच्या दुसऱ्या डोळ्याबरहुकूम त्याने नव्या कृत्रिम डोळ्याचं बुबुळ रंगवलं होतं, लाल रेशमाच्या तंतूंनी शिरा उमटवल्या होत्या. डोळा बसवून त्याने आरसा दिला. आईने डोळे मिटले. मुलगी पाहत राहिली. "आई, भांग किती वाकडा काढलायस गं!" आईला हसू आवरेना, रडूही. संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला. "आजही माझं काम कोणाला दिसलं नाही, ताई." "मग होकार कळवू?" "नाही गं. उद्या घाऱ्या डोळ्यांचे आजोबा येणारेत. घारा रंग फार अवघड असतो."