जुन्या हाराचा फासा

"हा जुना हार आधी कोणाच्या गळ्यात होता?" मालिनीबाईंनी सराफाला पुन्हा विचारलं.

शेवटी तो म्हणाला, "एका विधवा बाईंनी विकला, वहिनी. मन कचरत असेल तर हा नवा घ्या."

नवा हिऱ्यांचा हार त्यांनी उचलला, ठेवला, परत उचलला. होणारी सून केतकी मात्र जुनाच गळ्याशी धरून आरशासमोर बसली होती.

"आई, मागून फासा लावा ना."

मालिनीबाईंचे हात पदरात गेले. नवरा गेल्यापासून त्यांनी कुठल्याच नवरीला हळद लावली नव्हती, ओटी भरली नव्हती. भिरभिरती नजर सेल्सगर्लच्या मंगळसूत्रावर थांबली. "यांच्याकडून लावून घे."

केतकी आरशातूनच म्हणाली, "आणि लग्नानंतर? रोज या ताईंना घरी बोलवायचं?"

सेल्सगर्ल खुदकन हसली. मालिनीबाई उठल्या, बसल्या, परत उठल्या आणि केतकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

फासा घट्ट होता. बोटांतून दोनदा निसटला. केतकीने केस वर धरले, मान आणखी झुकवली.

तिसऱ्यांदा तो बसला.

"काढू नकोस गं," त्या म्हणाल्या आणि सराफाकडे वळल्या. "डबी रिकामीच द्या."