वाटेत लागणारं लोखंड

हिलालने गोणपाट पसरलं आणि पेटीतली सगळी हत्यारं त्यावर ओतली. पाने, पक्कड, पेचकस, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरची डबी, जास्तीची ट्यूब, साखळीच्या सुट्या कड्या, तारेचं भेंडोळं. मग एकेक उचलून तो हातात तोलू लागला.

मोटारसायकल मिशनच्या दवाखान्याची होती, रोग्यांना आणण्यासाठी शेजारी साइडकार जोडलेली. ती चालवायचा हिलाल आणि बिघडली तर दुरुस्त करायचाही तोच.

समोर चिंधा उभा होता. डोंगर उतरून तो थेट दवाखान्यात आला होता. त्याची बायको मंगळी माहेरी, घाटापलीकडच्या पाड्यावर कालपासून अडली होती. डॉक्टर म्हणाले होते, पोट उघडावं लागेल, तिला इथंच आणा.

"तू लोखंड काय निवडी ऱ्हायना?" बाजारात शिकलेल्या अहिराणीत चिंधा ओरडला. "मन्ही बायको मरी ऱ्हायनी तठे!"

हिलालने मान वर केली नाही. "घाटमा गाडी बंद पडनी ते तिले काय खांदावर लई येसू?"

त्याने मोठा हातोडा बाजूला ठेवला. तो फार जड होता. ट्यूब उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. नवा प्लग रुमालात गुंडाळला. चिंधा येरझारा घालत होता. शेवटी पेटी साइडकारमध्ये गेली, चिंधा तिच्यावर पाय दुमडून बसला आणि गाडी निघाली.

खांडबारा गाव मागे पडलं आणि सडक संपली. पुढे सागाच्या रानातून बैलगाडीची वाट. घाटाच्या पहिल्याच वळणावर साखळी तुटली. हिलालने पेटी उघडली. चिंधा त्याच्याजवळ उकिडवा बसला. मागेल तो पाना हातात देत राहिला, कधी चुकीचा, मग बरोबर. नवी कडी बसली. हिलालने चाक फिरवून पाहिलं.

"लोखंड लिधं ते बरं करं," चिंधा खालच्या आवाजात म्हणाला.

पाड्यावर मंगळी बाजेवर होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट उघडे. चौघांनी उचलून तिला साइडकारमध्ये टेकवून बसवलं. पेटी तिच्या पायांशी कोंबली. तिची आई सोमीबाई हिलालच्या मागे बसली आणि एका बाजूला झुकून तिने लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. चिंधा मागून ढकलू लागला.

पाड्याबाहेरचा चढ गाडीला निघेना. इंजिन गुदमरून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं. हिलाल खाली उतरला. काहीतरी कमी करावं लागणार होतं.

"माय उतरी जाई," चिंधा घाईने म्हणाला. "पेटी ऱ्हाऊ दे. वाटमा लागी ती."

"पोरनं डोकं कोन धरी?" सोमीबाईने विचारलं. "तुन्ही पेटी?"

हिलालने मंगळीकडे पाहिलं. तिची मान आईच्या हातांशिवाय एका जागी ठरत नव्हती. त्याने पेटी उपसली आणि वाटेच्या कडेला ठेवली. प्लग आणि त्याचा पाना एवढंच खिशात घातलं.

"साखळी तुटनी ते?" चिंधाने विचारलं.

"तुटाव नही," हिलाल म्हणाला. कुठल्याही यंत्राबद्दल असं काही तो आजवर बोलला नव्हता. "तू पायवाट धरीसन नाल्यावर ये."

पायवाट टेकडी ओलांडून सरळ जायची आणि खाली नाल्याशी गाडीवाटेला मिळायची.

गाडी चढ चढली. हिलालचे कान साखळीकडे होते. प्रत्येक दगडापाशी तो वेग कमी करी, प्रत्येक खड्डा पुढच्या चाकाने आधी चाचपून बघी. इंजिनाच्या आवाजातून मंगळीचं कण्हणं ऐकू येत होतं. ते ऐकू आलं की त्याला हायसं वाटे. घाट सरला. वाट मऊ झाली, गाडी एका लयीत धावू लागली. आता पोहोचलोच, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात सोमीबाईचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"थांबाड, दादा."

"आते थांबानं नही, माय. थोडंच ऱ्हायनं."

"थांबाड. आते घाई नही."

नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. सोमीबाई उतरली. तिने लेकीचे डोळे तळहाताने मिटले, पोटावरचं लुगडं सारखं केलं, आणि तिथेच मातीत बसली.

हिलाल गाडीजवळ उभा राहिला. साखळी जागेवर होती. टायर कडक होते. तापलेलं लोखंड निवताना बारीक आवाज करत होतं. कुठेही काही बिघडलं नव्हतं. त्याला एकदम रडू फुटलं आणि ते दाबायला त्याने तोंडात गमछा कोंबला.

टेकडीवरून दगड घरंगळत आले. पायवाटेने चिंधा धावत उतरत होता. पेटी त्याच्या डोक्यावर होती आणि तिच्यातली हत्यारं पावलागणिक खणखणत होती. घामाने त्याचं अंग निथळत होतं. उभी गाडी दिसताच तो आणखी जोरात पळाला.

"काय तुटनं?" लांबूनच त्याने विचारलं.

चिंधाने पेटी हिलालच्या पायाशी टेकवली, धापा टाकत झाकण उघडलं आणि एक पाना काढून त्याच्यापुढे धरला.