खंडेनवमीची काडतुसं

मोरोपंत वकिलांच्या सिंधूचं लग्न झालं, त्या साली लढाईमुळे अमरावतीच्या दुकानात रायफलची काडतुसं मिळेनाशी झाली होती. वलगावचा गयासुद्दीन झाडलेली काडतुसं पुन्हा भरून देई. मोरोपंतांनी झाडलेल्या तसल्याच एका गोळीनं रानडुक्कर नुसतं जखमी झालं आणि नत्थुजीच्या जवारीत जाऊन बसलं.

दुसऱ्या सकाळी मोरोपंत आणि गयासुद्दीन परसात बाभळीच्या फळीवर गोळ्या झाडून पाहत होते. गेल्या साली अशीच गोळी फळीच्या आरपार जाई. आज निम्म्यातच अडकत होती. नत्थुजी विळा घेऊन पायरीवर बसला होता.

गयासुद्दीननं काडतुसांच्या बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या तपासल्या. शिसं तोललं. मग एक काडतूस उघडून बारूद तळहातावर घेतली. तिची ढेकळं झाली होती.

"वकीलसाब, हिले तं दह्याचा वास येऊन रायला."

मोरोपंतांनी मागे पाहिलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या.

"खंडेनवमीला शस्त्रं पुजली," त्या म्हणाल्या. "रायफलला पाणी लावू नको, असं तुम्हीच सांगितलं होतं. मग अभिषेक काडतुसांना केला."

"पंचामृताचा?"

"देवाला काय नुसत्या पाण्यानं न्हाऊ घालतात?"

"आमच्यात बकऱ्याले आंघोळ घालतेत, वयनी," गयासुद्दीन म्हणाला. "काडतुसाले नाही." मग तळहातावरची ढेकळं चुरत म्हणाला, "पण ओल आत जाऊ नये म्हून गोळीच्या कडेले मी मेण लावतो. या साली भेटलंच नाही. तसंच देल्लं."

"आता?" मोरोपंतांचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"दुसरी बारूद नाही. हेच उन्हात वाळवा लागन. दोन दिस."

"मग चालेल?"

"फळीले विचारू."

मोरोपंत पायरीवर टेकले. "नत्थुजी, दोन दिवस वावरात कोणी जाऊ नका."

"दोन दिस?" नत्थुजी उठला. "जवारी आडवी पडून रायली, पंत. तुमी वाळवा तुमची बारूद. मी धुऱ्याधुऱ्यानं कापतो. आत जातच नाही."

त्याला अडवायला मोरोपंतांनी हात उचलला आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवला. गयासुद्दीन ताटात कागद अंथरत होता.

नत्थुजी आत गेला नाही. डुक्करच बाहेर आलं. त्याच दिवशी, कार्तिक वद्य तृतीयेला, दिवस मावळायच्या आधी, नत्थुजी मेला.