जऊळका बारा

"नऊ एक्केचाळीस," मागे बसलेल्या वच्छलाबाई घड्याळ पाहून म्हणाल्या.

मंजुषाने स्कूटीची मूठ पिळली. कडेच्या दगडावर लिहिलं होतं, जऊळका बारा. म्हणजे बरोबर अर्धी वाट सरली होती. जऊळका स्टेशनावरून नऊ पन्नासची गाडी चुकली, तर अकोल्याची परीक्षा गेली. परीक्षेसोबत नातीचा दोन वर्षांचा अभ्यासही गेला.

पहिल्या बारा किलोमीटरनेच चोवीस मिनिटं खाल्ली होती. सुगीचे दिवस. जो तो सडकेवर सोयाबीन पसरून बसलेला. वरून जावं तर शिव्या, बाजूने काढावं तर गिट्टी. काटा तीसच्या वर गेला नाही. पुढची सडक मात्र मोकळी होती.

"आजी, आतालोक तीसनं आलो. आता कितीनं हाणू म्हंजे गाडी सापडन? मले चालवता चालवता जमत नाई. तू सांग."

वच्छलाबाईंनी तेहेतीस वर्षं शाळेत हीच गणितं शिकवली होती, तीही पाटीला हात न लावता. गावातले लोक अजून म्हणत, सूर्य पश्चिमेला उगवेल, पण बाईंचं उत्तर चुकणार नाही.

उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. समोर निंबाचं वळण दिसत होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा संघपाल, मंजुषाचा बाप, हीच गाडी गाठायला उशिरा निघाला होता. निघताना त्यानेही विचारलं होतं, आई, कितीनं जाऊ? वच्छलाबाईंनी अचूक उत्तर दिलं होतं. या वळणावरून तो पुढे गेलाच नाही. त्याची मोटारसायकल अजून गोठ्यात उभी होती, काटा ऐंशीवर अडकलेला. पोरीच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी काट्यावर पोतं बांधून ठेवलं होतं.

"सांग नं. झोपली का?"

"एकशे वीस," वच्छलाबाई म्हणाल्या. "तेवढी आपली स्कूटी पळत नाई. ते गाडी गेली समज. हळू चाल आता."

मंजुषाने मूठ सैल केली. काटा पन्नासवर आला, मग चाळीसवर. निंबाचं वळण सावकाश मागे पडलं.

स्टेशनावर पोचल्या तेव्हा फलाट रिकामा होता. चहावाला ग्लास विसळत होता. तो म्हणाला, "आज टायमावर आली होती, बाई. आता दहा मिनिटं झाले जाऊन."

वच्छलाबाई बाकावर टेकल्या. त्यांना मान वर करवेना. कसंबसं त्यांनी तोंड उघडलं, "पोरी, माह्यं गणित..."

मंजुषा त्यांच्या शेजारी बसली. आजीच्या मांडीवरची पिशवी तिने आपल्याकडे ओढून घेतली.

"ऐंशी येत होतं, आजी," ती म्हणाली. "पोतं मी कवाच सोडून पाह्यलं."