चौकाला वळसा

विमानतळावरून विलगीकरणाच्या हॉटेलात जाणारी बस वाटेत थांबवायची नाही, असा सक्त नियम होता. तरी पुढच्या सीटवरच्या मुलीनं ड्रायव्हरला विचारलंच. "काका, पुढच्या चौकातच आमचं घर आहे. आईचं काही खरं नाही, चौदा दिवस निघायचे नाहीत. एक मिनिट थांबता?" "थांबणार नाही. घरी फोन लावा, आईंना खिडकीशी आणा म्हणावं." बस चौकात मुंगीच्या पावलांनी शिरली. खिडकी रिकामीच होती. "दादा पलंग खिडकीशी ओढतोय!" ती फोन कानाशी धरून म्हणाली. ड्रायव्हरनं चौकाला दुसरा वळसा घातला. मागून हॉर्न कोकलू लागले. "कोकला लेको," तो पुटपुटला, "थांबलोय का मी?" तिसऱ्या वळशाला खिडकीत वाळका हात हलला. तिनं काचेला कपाळ टेकलं. बस हॉटेलकडे वळू लागली. विमानतळापासून उशिरावरून कुरकुरणारे मागच्या सीटवरचे आजोबा करवादले, "घाई कसली? चौदा दिवस कोंडूनच घ्यायचंय. मारा अजून एक फेरी!"