छपराचा पूल

बर्निसला आता गाडी चालवता येत नाही, पण वसंतात डोंगरातली रानफुलं बघायचीच असतात. चर्चमधल्या कुणालाच वेळ नव्हता, म्हणून पावसात मीच तिला घेऊन निघाले. लॉइडची ती पहिली बायको, मी दुसरी. त्याच्या दफनालाही एकमेकींशी बोललो नव्हतो. रस्त्याकडेची पांढरी फुलं दोघी आपापल्या काचेतून बघत होतो. छपराच्या लाकडी पुलाशी हॉर्न देऊन मी आत शिरले. तिथे एकच गाडी मावते. "थांब," मध्यावर ती म्हणाली. मी गाडी बंद केली. "लॉइडनं इथे माझा पहिला मुका घेतला." "गाडी तापली म्हणाला असेल," माझ्या तोंडून निसटलं. ती वळली. "तुलाही?" "पुलाच्या याच खिडकीपाशी." "मेल्याला दुसरं कारणही सुचलं नाही!" ती फस्सकन हसली. मागून हॉर्न वाजला. मी किल्लीकडे हात नेला, तिनं तो धरला. "वाजवू दे. विचारलं तर सांग, गाडी तापलीय."